व्हेंटिलेटरजवळून उठून फळ्याकडे जाऊ का?

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंगनंतर चार वर्षं आयसीयूत आहे. शिकवायची आवड आहे, श्वसनाच्या रुग्णांवर संशोधनही करावंसं वाटतं. आई म्हणते, रुग्णसेवा सोडून खडू हातात घेऊन काय मिळणार? आणि फुफ्फुसांवरचं संशोधन हे डॉक्टरांचंच काम ना?
– एक परिचारिका

उत्तर : आधी तुमचं शेवटचं वाक्य घेते, कारण गाडी तिथेच अडली आहे. व्हेंटिलेटरचं सेटिंग डॉक्टर ठरवतात, मान्य. पण पुढचे बारा तास श्वासनलिकेतल्या ट्यूबचा कफ (तिच्याभोवतीचा हवेचा फुगा) तपासणं, तोंडाची स्वच्छता, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणं, सक्शन (ट्यूबमधला स्राव ओढून काढणं) कधी नि किती वेळ करायचं, हे कोण बघतं? त्यातले प्रश्न तुम्हालाच पडणार.

सक्शनआधी ट्यूबमध्ये सलाईन सोडायची सवय तुम्हीही पाहिली असेल. घट्ट स्राव पातळ होतो, असं सीनियरने ज्युनियरला सांगायचं आणि तिने पुढच्या बॅचला. तपासून पाहिल्यावर दिसलं की सलाईन स्रावात नीट मिसळतच नाही, उलट ऑक्सिजन खाली येऊ शकतो. आता सरसकट सलाईन सोडू नये अशाच सूचना आहेत, आणि हे तपासण्यात परिचारिकांचा मोठा वाटा होता. २०१३ साली अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या ३७३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना हेडफोन देऊन, हवं तेव्हा आवडीचं संगीत ऐकायची मुभा दिली होती. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा त्यांची घालमेल कमी झाली, गुंगीचं औषधही कमी लागलं. त्या अभ्यासाचं नेतृत्व एका परिचारिकेनेच केलं होतं.

आता आईंचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही. शिकवायला लागलं की नाईट सुटते, पण इंटर्नल, लॉगबुक, प्रश्नपत्रिका आणि मीटिंगा मागे लागतात. दोन-तीन वर्षं वॉर्डात पाऊलच टाकलं नाही, तर हात बोथट होतो आणि विद्यार्थ्यांना ते पहिल्याच प्रात्यक्षिकात कळतं. म्हणून नोकरी घेताना पगाराआधी एक विचारा : विद्यार्थ्यांबरोबर क्लिनिकल पोस्टिंगला मी स्वतः जाणार का?

तुम्ही अध्यापन आणि संशोधन असे दोन डोंगर समोर मांडलेत. मला तो एकच दिसतो. रात्रीचा चार्ट उघडा. श्वसनाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २०. शेजारच्या खाटेलाही २०. मॉनिटर नसलेल्या वॉर्डात घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल मोजणारं कितीदा दिसतं? रुग्ण ढासळण्याआधी बऱ्याचदा हाच आकडा आधी हलतो. मग तो अंदाजाने का लिहिला जातो? वेळ नसतो म्हणून, की कॉलेजात कुणी मोजून घेतलंच नाही म्हणून? वेगळ्या पद्धतीने शिकवलं तर सहा महिन्यांनंतरही सवय टिकते का? हा वर्गातला प्रश्न आहे तसा श्वसनाचाही.

वाट फार गुंतागुंतीची नाही. अतिदक्षता किंवा मेडिकल-सर्जिकल विषयात एम.एस्सी., प्रबंधाला असाच छोटा विषय, मग अध्यापन, मग पीएचडी. पीएचडीचा फॉर्म आत्ताच भरायची घाई करू नका. गाईड निवडताना नावापेक्षा त्यांच्या हाताखालचे किती विद्यार्थी पूर्ण करून बाहेर पडले ते पाहा. संख्याशास्त्राला घाबरू नका, पण टाळूही नका. माहिती गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे धावणारे पुष्कळ, तोवर उशीर झालेला असतो. बेशुद्ध रुग्णांवर काम करायचं तर नातेवाइकांची संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. त्यात महिने जातात, तेवढे हाताशी ठेवा.

तोवर खिशात एक लहान वही ठेवा. ड्यूटीवर ‘हे आपण असं का करतो?’ असं वाटलं की एक ओळ लिहा. रुग्णाचं नाव किंवा नंबर मात्र त्यात नको. तीन महिन्यांनी त्यातले पुन्हा पुन्हा आलेले दोन प्रश्न मला पाठवा. कोणत्या विषयात प्रवेश घ्यायचा, ते तेव्हा ठरवू.