नवी टूरिंग बाईक: आधी काय बघायचं, मग काय बसवायचं

प्रश्न: दादा, पुढच्या आठवड्यात रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ची डिलिव्हरी आहे. शोरूमवाले म्हणतात क्रॅश गार्ड, पॅनियर (बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्या), फॉग लाइट, उंच काच सगळं आत्ताच बसवून घ्या, लोनमध्येच घालतो. दिवाळीत कोकण आणि पुढच्या उन्हाळ्यात स्पिती करायचा विचार आहे. काय बघून घेऊ आणि काय बसवू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: लोनमध्ये घालतो म्हणजे फॉग लाइटवर पण तीन वर्ष व्याज भरायचं, ते आधी थांबवा. क्रॅश गार्ड आणि रेडिएटरची जाळी घ्या, बाकी हजारभर किलोमीटर चालवल्यावर बघू.

गाडी बघायची ती आरटीओ पासिंगच्या आधी, पेढे वाटायच्या दिवशी नाही, कारण एकदा नंबर पडला की गाडी बदलून द्या म्हणायला जागाच राहत नाही. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं ते वाचा, इंजिन नंबर चॅसी नंबर कागदाशी जुळवा. टायरच्या बाजूला DOT अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. टायर फार जुने असले तर गाडी यार्डात उन्हात पडून होती असं समजायचं. नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकच वर्षाचा असतो, तो वेगळा विचारून घ्या, नाहीतर पाच वर्ष निवांत म्हणून बसाल. दोन्ही किल्ल्या, टूलकिट, मॅन्युअल हातात घ्या. आयएसआय हेल्मेट गाडीसोबत द्यायचं असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, तेही मागा, लाजू नका.

मग गाडीजवळ खाली बसा. मागचं चाक हवेत ठेवून हाताने फिरवा आणि चेन तीन-चार ठिकाणी वरखाली हलवून बघा, एका जागी ताठ आणि दुसरीकडे ढिली लागली तर डिलिव्हरी घेऊ नका, दुरुस्त करा म्हणा. स्पोकवर छोटा पाना हलका वाजवत जा, सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत, एखादा बद्द वाजला म्हणजे तो सैल आहे. फोर्कला, म्हणजे पुढच्या शॉकअपला, कुठे तेलाचा ओला डाग आहे का, कूलंट आणि ब्रेक ऑइल दोन खुणांच्या मधे आहे का बघा. आणि हवा! शोरूममधे बऱ्याचदा जास्तच भरलेली असते, टायर थंड असताना मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. नवीन टायर सुरुवातीचे शंभरेक किलोमीटर घसरट असतात त्यामुळे पहिल्याच दिवशी आंबा घाटात गाडी झोपवायला जायचं नाही. पहिली सर्व्हिसिंग ५०० ला असते, ती झाल्यावर नटबोल्ट परत आवळलेत का हे स्वतः विचारा.

आता खर्च. पहिला पैसा पंक्चरवर. तुमच्या गाडीला स्पोकचं चाक आहे, पुढचं २१ इंची आणि मागचं १७. सुरुवातीला ही गाडी ट्यूबवालीच आली, नंतर कंपनीने ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय दिला. बुकिंग कुठलं केलंय ते बघा आणि ट्यूबवालं असेल तर माझ्या मते पॅनियरचे पैसे ट्यूबलेस चाकांकडे वळवा, कारण ट्यूबचं पंक्चर म्हणजे चाक खोला, टायर रिमवरून उतरवा, आणि रात्री आठला स्पितीतल्या काझाच्या अलीकडे हे करताना पॅनियर काही मदतीला येत नाही. ट्यूबच ठेवणार असाल तर २१ ची स्पेअर ट्यूब घरूनच घ्या, गावातल्या दुकानात ती सहसा मिळत नाही. आणि निघण्याआधी एकदा तुमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे उभं राहून स्वतःच्या हाताने टायर उतरवून चढवून बघा, त्याला चहाचे पैसे द्या, व्हिडिओ बघून जमत नाही हे.

पेट्रोलचे कॅन वगैरे नकोत. टाकी १७ लिटरची आहे, मनाली ते काझा साधारण २०० किलोमीटर, मधे पंपाचा भरवसा नाही पण मनालीत फुल्ल केली तर काळजी नाही. उंच काचेचं म्हणाल तर एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू तिन्ही आपल्या दुचाकीला बंद, म्हणजे तुमचं टूरिंग जुने हायवे आणि घाट. काच तुमच्या उंचीला चुकली तर वारा छातीवरून उठून नेमका हेल्मेटवर आदळतो आणि तासाभरात डोकं भणभणतं, मित्राची घेऊन चालवून बघा, मगच.

प्रश्न: नव्या गाडीला फॉग लाइट आणि मोबाईल चार्जर बाहेरून बसवले तर वॉरंटी जाते का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: वायर कापली की सर्व्हिस सेंटरला नाही म्हणायला कारण मिळतं. वायरिंग सोलून, पीळ देऊन वर काळी टेप मारतात ना, पावसाळ्यात पाणी तिथेच शिरतं, हिरवा गंज चढतो आणि मग हॉर्न वाजवला की मीटर बंद असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात. कपलर टू कपलर किट घ्या, म्हणजे वायर न कापता गाडीच्याच जोडणीत खटकन बसणारं, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ आणि मधे रिले, म्हणजे सगळा करंट हँडलवरच्या छोट्या बटणातून जात नाही. हिशोब सोपा आहे, ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे १२ व्होल्टला नऊ अँपिअर, २० वॅटचे दोन एलईडी म्हणजे साडेतीनच्या आत. धुक्यासाठी पिवळेच घ्या आणि खाली झुकवून लावा, समोरून येणाऱ्याला आंधळं करू नका. चार्जर घ्यायच्या आधी मात्र गाडीवर यूएसबी आहे का बघा, बऱ्याच नव्या टूरिंग गाड्यांना असतं आणि लोक तरी दुसरा बसवतात!

प्रश्न: माझी उंची पाच फूट दोन इंच, हिमालयन ४५० वर पाय टेकत नाहीत. मेकॅनिक म्हणतो मागच्या सस्पेन्शनला वेगळी लिंक टाकून गाडी खाली घेऊ. घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नको ताई, निदान आधी नको. तुमच्या गाडीची सीट ८२५ आणि ८४५ मिलिमीटर अशी दोन उंचीवर बसते, बरेच जण वरच्यावरच चालवत राहतात, ती खाली घेतलीय का बघा. त्याहून कमी उंचीची सीट कंपनीकडेच मिळते. मग जाड सोलचे बूट. फक्त मागून गाडी उतरवली तर पुढचा भाग वर राहतो, हँडल हलकं लागतं, आणि साइड स्टँड लांब पडल्यामुळे गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, जरा उतार असला की पलीकडे आडवी. १९६ किलोची गाडी भरल्या सामानाने उचलायची म्हणजे चेष्टा नाही. दोन्ही पाय पूर्ण टेकायची गरज पण नसते, एक पाय नीट टेकला तरी चालतं, उभं राहताना रस्त्याची उंच बाजू निवडायची सवय लावा.

प्रश्न: लांबच्या प्रवासात मजा यावी म्हणून मोकळा सायलेन्सर बसवावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तुमच्याच शहरात पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेत, फोटो बघितले असतीलच. दंड सोडा, सहा तास तो आवाज कानाशी घेऊन बसल्यावर मजा कुठली, डोकं उठतं. तेवढ्या पैशात घोट्याच्या वर येणारे चांगले रायडिंग बूट येतात, फक्त ऑनलाइन मागवू नका, जाड मोजे घालून दुकानात जाऊन बघा, नेहमीपेक्षा एक नंबर मोठा लागतो बऱ्याचदा.