मिलिशियावाला म्हणजे पगारी सैनिक नव्हे, आणि बूनच्या घरची गोष्ट रिबेकाकडून बघा

तुम्ही विचारलंय की लेकीला शाळेत केंटकीच्या फ्रंटिअरवरच्या (म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीच्या सीमेवरच्या) मिलिशिया सैनिकावर प्रोजेक्ट दिलंय, तिने तिथला प्रसिद्ध शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बून घेतलाय, तर हे लोक पगारी होते का आणि त्यांची बायकामुलं कुठे राहायची. मी केंटकीतल्या लेक्सिंग्टनला बरीच वर्षं राहते, या विषयाचं मला वेड आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

आधी पगाराचं. मिलिशिया म्हणजे आपण समजतो तशी फौज नाही. तेव्हा केंटकी व्हर्जिनियाचा भाग होता आणि तिथल्या कायद्याने १६ ते ५० वयाचा जवळपास प्रत्येक स्वतंत्र पुरुष मिलिशियात धरला जायचा. बंदूक स्वतःची, घोडा असला तर तोही स्वतःचा, बोलावणं आलं की नांगर सोडून निघायचं आणि काम झालं की परत शेतात. पैसे म्हणाल तर नावाला, तेही कागदी नोटांत, ज्यांची किंमत रोज घसरत होती. त्यामुळे "सैनिकाचं कुटुंब" असं वेगळं काही नव्हतंच, अख्खं कुटुंबच त्या लढाईत होतं, लेकीला हे पहिल्याच पानावर लिहायला सांगा.

आता बूनचं घर. जन्म १७३४, पेन्सिल्व्हेनियातलं क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) कुटुंब, नंतर सगळे नॉर्थ कॅरोलायनात याडकिन नदीच्या खोऱ्यात आले, तिथे १७५६ मध्ये रिबेका ब्रायनशी लग्न झालं. लग्न झाल्या झाल्या तिने डॅनियलच्या वारलेल्या भावाची दोन पोरं घरात घेतली. पुढे स्वतःची दहा मुलं झाली, आणि नवरा शिकारीला गेला की महिनोन् महिने, १७६९ ला केंटकीत गेला तो तर जवळजवळ दोन वर्षांनी परतला. तेवढा काळ शेत, गुरं, आजारपणं, घेणेकरी, सगळं तिने बघितलं. बूनवर एवढं लिहिलं गेलंय पण रिबेकाच्या हातचं एक पत्रही आपल्याकडे नाही, मला याचं फार वाईट वाटतं.

१७७३ ला बाकीच्या कुटुंबांबरोबर घरदार विकून केंटकीला निघाले. मोठा मुलगा जेम्स, वय १६, सामान आणायला मागे गेला होता, तो येताना १० ऑक्टोबरला हल्ल्यात हाल होऊन मारला गेला. त्याला पुरायला माणसं निघाली तेव्हा रिबेकाने गुंडाळायला घरातल्या चादरी दिल्या. सगळा तांडा मागे फिरला, त्या हिवाळ्यात ते क्लिंच नदीकाठी दुसऱ्याच्या केबिनमध्ये राहिले, आणि पुढच्या वर्षी डनमोरच्या युद्धात (व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर विरुद्ध शॉनी हे तिथले मूळ रहिवासी) बून तिथल्याच मिलिशियाचा कॅप्टन झाला.

१७७५ ला केंटकीत बून्सबरो ही वस्ती उभी राहिली. फोर्ट म्हणजे काय तर लाकडाच्या केबिन्सच्या रांगा, त्यांच्या मागच्या भिंती हीच तटबंदी, मधल्या मोकळ्या जागेत गुरं, चिखल आणि माणसं. कापड मिळायचं नाही म्हणून बायका रानातल्या खाजकुयलीसारख्या झाडाचे तंतू आणि बायसनची लोकर एकत्र कातायच्या. मीठ सगळ्यात महत्त्वाचं, कारण मांस टिकवायचं कशाने? त्याच मिठापायी फेब्रुवारी १७७८ मध्ये बून आणि तीसेक माणसं ब्लू लिक्सच्या खाऱ्या झऱ्यांवर गेली होती ती शॉनी लोकांच्या हाती सापडली. शॉनींचा प्रमुख ब्लॅकफिश याने बूनला मुलगा म्हणून दत्तक घेतलं. इकडे रिबेकाला वाटलं नवरा गेला, ती मुलांना घेऊन परत नॉर्थ कॅरोलायनाला माहेरी. जूनमध्ये बून पळाला, १६० मैल चार दिवसांत काढून बून्सबरोला पोचला तर घर रिकामं, फक्त लग्न झालेली लेक जेमायमा थांबली होती. ही तीच जेमायमा जिला १७७६ मध्ये, तेरा वर्षांची असताना, दोन मैत्रिणींसकट नदीवरून पळवून नेलं होतं आणि बापाने माग काढत सोडवून आणलं होतं. आणि एवढं सगळं करून शॉनींना सामील झाला म्हणून बूनवर त्याच्याच मिलिशियातल्या लोकांनी फितुरीचा खटला भरला! तो निर्दोष सुटला आणि मेजर झाला ते वेगळं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त लागते ती ब्लू लिक्सची लढाई, १९ ऑगस्ट १७८२. लक्षात घ्या, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला इंग्रज शरण येऊन दहा महिने झाले होते, पण सीमेवर युद्ध संपलंच नव्हतं. बून तेव्हा फेयेट काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मिलिशियाचा लेफ्टनंट कर्नल. पुढे टेकडीवर इंग्रज आणि त्यांच्या बाजूचे मूळ रहिवासी दबा धरून आहेत असं तो सांगत होता, पण घाई करणारे नदीत घुसले आणि मग मागे राहणं शक्य नव्हतं. साधारण १८० जण गेले, पाव तासात सत्तरच्या वर मेले. त्यात त्याचा मुलगा इझ्रेल, वय २३, बापाच्या डोळ्यासमोर. पळताना त्याचं प्रेतही आणता आलं नाही, काही दिवसांनी परत येऊन पुरलं. मी त्या टेकडीवर तीनदा गेलेय, आता तिथे स्टेट पार्क आहे, तुमच्याकडून गाडीने जाता येईल, लेकीला नक्की न्या.

एक गोष्ट मात्र प्रोजेक्टमधून सोडू नका. ही जमीन शॉनींची शिकारीची जमीन होती, आणि त्यांना न विचारता दुसऱ्याच टोळ्यांकडून ती लिहून घेतली गेली. ब्लू लिक्सनंतर नोव्हेंबरमध्ये केंटकीच्या मिलिशियाने ओहायो नदीपलीकडे जाऊन शॉनींची गावं आणि हिवाळ्यासाठी साठवलेला मका जाळला, त्यात बूनही होता. तिकडेही आया आणि लेकरंच होती.

आणि ज्या जमिनीसाठी दोन मुलं गेली ती शेवटी राहिलीच नाही. मोजणी धड नाही, हद्द म्हणजे अमुक ओढा नि तमुक झाड, एकाच तुकड्यावर तीन तीन दावे, कोर्टकचेऱ्यांत सगळं गेलं. १७९९ ला पासष्टीला आलेला बून मिसुरीला गेला, मिसुरी तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. रिबेका १८१३ च्या मार्चमध्ये वारली, आजारी पडली तेव्हा ती मेपलची साखर करायला लेकीकडे गेली होती. बून १८२० ला वारला, धाकट्या मुलाच्या, नेथनच्या घरी.

लेक अजून ठरवत असेल तर मी म्हणेन बूनऐवजी तुमच्याच काउंटीतला एखादा साधा मिलिशियावाला घ्या. १८३२ च्या कायद्याने सहा महिने सेवा केलेल्या मिलिशियावाल्यांनाही पेन्शन मिळायला लागलं आणि ही म्हातारी माणसं कोर्टात येऊन आपली हकिकत शपथेवर सांगायची: कुठे जन्मलो, कुणाच्या हाताखाली लढलो. विधवांच्या अर्जांत तर लग्नाची तारीख, मुलांची नावं, कधी कधी फॅमिली बायबलचं फाडलेलं पानही जोडलेलं असतं. ते अर्ज आता स्कॅन करून ऑनलाइन आहेत. काउंटी कुठली ते कळवा, कुठल्या नावापासून सुरुवात करायची ते मी बघून सांगते.