वाचकांचे प्रश्न : न्यायमूर्तींची लघुलेखिका

प्रश्न : भाची इंदूर खंडपीठात न्यायमूर्तींकडे लघुलेखिका म्हणून लागतेय. हिंदी पक्की, पण इंग्रजीची धास्ती. काय सांगू? – एक मावशी, रामबाग

उत्तर : ताई, मी याच कामातून निवृत्त झाले. मध्यप्रदेश उच्च न्यायालयात 1971 पासून निकाल हिंदीतही देता येतो, पण सोबत इंग्रजी अनुवाद लागतोच. तेव्हा इंग्रजी टाळू नये.

एकदा जामिनाच्या आदेशात माझ्याकडून ‘नॉट’ सुटला. अर्थच उलटा! सहीआधी साहेबांच्या नजरेस आलं म्हणून निभावलं; मला मात्र रात्रभर झोप नाही. तेव्हापासून टाइप केलेली प्रत वहीतल्या खुणांशी ओळीओळीवर बोट ठेवून ताडायचे. तिलाही हीच सवय लावा.

आणि आदेश जाहीर होईपर्यंत घरीसुद्धा अवाक्षर नको. राजवाडा चौकात ओळखीचे वकील भेटले, तरीही.