खुराड्याची राखण : वाचकांच्या शंका

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांची पत्रे निरनिराळी असली, तरी त्यांतला घोटाळा बहुधा एकच असतो : शिकार झाली की माणूस आधी शिकाऱ्याचा माग काढतो आणि खुराड्याचे दार तपासायचे राहून जाते. म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : कोल्ह्याने एका रात्रीत सगळ्या कोंबड्या मारल्या, खाल्ली मात्र एकच. अशा क्रूर प्राण्याला मारण्यात गैर काय?

उत्तर : क्रौर्याचा येथे संबंध नाही. रानात एक पक्षी धरला की बाकीचे उडून जातात आणि शिकार तेथेच संपते. बंद खुराड्यात ते समोरच फडफडत राहतात आणि ती फडफड प्राण्याची शिकारी वृत्ती पुन्हा पुन्हा चाळवते. खोकड आणि तरस यांच्या अशा गरजेबाहेरच्या शिकारीविषयी प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवले आहे. कोंबड्यांची पळण्याची वाट आपण बंद केली, तेव्हा आत शिरण्याची वाट बंद करणेही आपल्याकडेच येते.

प्रश्न : दिवसा घार पिल्ले उचलते. गलोल वापरू का?

उत्तर : नाही. पिल्लांच्या फिरण्याच्या जागेवर जाळीचे छत घाला.

प्रश्न : पिंजरा लावून मुंगूस पकडले आणि दूर रानात सोडले, तर हिंसा टळते ना?

उत्तर : टळत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड होते. येथे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ‘आम्ही मारले नाही, सोडून दिले’ हे लोक मला शाबासकीच्या अपेक्षेने सांगतात. अनोळखी रानात सोडलेल्या प्राण्याला पाणी कोठे, लपायला बीळ कोठे, यांतले काहीच ठाऊक नसते आणि तेथे आधीपासून राहणारे त्याच्याच जातीचे प्राणी त्याला हुसकावतात; असे प्राणी उपासमारीने, झुंजीत किंवा परतीच्या वाटेवर वाहनाखाली मरतात. पकडलेली मादी असेल, तर बिळात मागे राहिलेली पिल्ले भुकेने मरतात, आणि त्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. शिवाय तिच्या अंगातले रोगही नव्या जागी पोहोचतात. एवढे करून खुराडे तरी सुरक्षित होते का? मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा प्राणी येतो आणि त्याच भोकातून आत शिरतो. अनेक ठिकाणी परवानगीशिवाय वन्य प्राणी पकडणे हा गुन्हाही आहे, तेव्हा पिंजरा आणण्यापूर्वी वन्यजीव अधिकाऱ्यांशी बोला. त्याआधी जाळी पाहा. कोंबड्यांची म्हणून विकली जाणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. हे दुकानदार सांगत नाहीत. सुमारे १२ मिलिमीटर भोकांची, वेल्डिंग केलेली जाडसर जाळी लावा आणि ती जमिनीत किमान ३० सेंटीमीटर उतरवा, किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून मातीखाली दाबा.

प्रश्न : माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून प्राणी पळवणारे यंत्र घ्यावे का?

उत्तर : ते पैसे जाळीवर खर्च करा. नव्या आवाजाला प्राणी सुरुवातीला बिचकतो आणि त्यातून अपाय होत नाही असे दिसले की सरावतो. जाहिरातीत दाखवतात ती पहिली रात्र असते.

प्रश्न : अंड्यात विष घालून ठेवले की प्रश्न मिटतो, असे शेजारी सांगतात.

उत्तर : ते अंडे कोण खाईल, हे विष ठेवणाऱ्याला ठरवता येत नाही. उंदरांसाठी वापरलेले ब्रोडिफॅकमसारखे विषही मेलेल्या उंदरातून घुबडाच्या पोटात जाते, म्हणजे उंदीर आटोक्यात ठेवणारा पक्षीच आपण मारतो. शेजाऱ्यांऐवजी पशुवैद्यांना विचारा.

प्रश्न : मग कोंबड्यांना कायम कोंडून ठेवायचे? तोही अन्यायच ना?

उत्तर : कायम कोंडणे अन्यायच आहे, रात्री कोंडणे नव्हे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून सांज झाली की ती आपणहून दांडीवर चढते. तुम्ही फक्त दार लावायचे, आणि तेही रोज.

प्रश्न : हल्ल्यातून वाचलेल्या कोंबडीच्या मानेवर दोन बारीक भोके आहेत. चार दिवस वाट पाहू का?

उत्तर : पाहू नका. दाताची जखम वरून बारीक दिसली तरी आत खोल असते आणि पिसांखाली पू धरते. कोंबडीला आजच पशुवैद्यांकडे न्या आणि तोवर वेगळी ठेवा, कारण रक्त दिसले की इतर कोंबड्या तिला टोचतात. प्राण्याला हाकलताना तुम्हालाच चावा बसला असेल, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लशीविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.