डी५६०० वरून फुल फ्रेमवर जावं का? आधी लेन्सचा हिशेब करू

"काका, दीड लाख साठवलेत, क्रॉप सोडून फुल फ्रेम घेऊ का?" असं विचारलंयस. (फोटो टिपणारा सेन्सर लहान तो क्रॉप, मोठा तो फुल फ्रेम.) सोबत दिलेली माहिती अशी: निकॉन डी५६०० (म्हणजे क्रॉप), किटबरोबर आलेल्या १८-५५ आणि ७०-३०० लेन्स, महिन्याला एक ट्रेक, हिवाळ्यात भिगवणला पक्षी, आणि गेल्या वर्षापासून ओळखीपाळखीतल्या लग्नांची कामं. चार लग्नं झाली, आणि हॉलमधल्या फोटोंत नॉइज (दाणेदारपणा) फार येतो, चेहरे मऊ पडतात, ही तक्रार. काका म्हणालास तर मी अरेतुरेवरच येतो.

आधी एक काम कर. चार लग्नांतले जे फोटो तू खरोखर गिऱ्हाइकाला दिलेस, ते कॉम्प्युटरवर उघड आणि प्रत्येकाचं फोकल लेंग्थ (मिलिमीटरचा आकडा: लहान म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ), अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), आयएसओ (वाढवलं की फोटो उजळतो, नॉइजही वाढतो) बघ. माझी पैज आहे, अर्ध्याहून जास्त फोटो १८-५५च्या ५५ टोकाला, एफ ५.६ वर, आयएसओ ६४०० च्या आसपास असतील. तसं निघालं तर तुझा आजार सेन्सरचा कमी आणि लेन्सचा जास्त आहे.

आता आकडे. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. तुझ्या डी५६००चा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलंस तर फुल फ्रेम साधारण २.३५ पट मोठा. म्हणजे तीच फ्रेम, तेच अॅपर्चर, तोच शटर ठेवला तर त्याच्यावर एकूण उजेड २.३५ पट पडतो. स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) सव्वा स्टॉप. क्रॉपवर आयएसओ ३२०० ला जेवढा नॉइज दिसतो, तेवढा फुल फ्रेमवर ७००० च्या पुढेमागे दिसेल. फरक आहे, नाही असं मी म्हणत नाही.

पण ५५ एमएमला एफ ५.६ देणाऱ्या तुझ्या किट लेन्सच्या जागी ५० एमएम एफ १.८ लावलीस तर? ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग: ९.७. जवळजवळ दहापट उजेड. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलून सव्वादोन पट आणि लेन्स बदलून दहापट, आणि ती लेन्स बॉडीच्या किमतीच्या एका कोपऱ्यात बसते. एवढं गणित मला कोणी २०१५ साली करून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मी क्रॉपच्या डी७००० वरून फुल फ्रेमच्या डी७५०ला गेलो. लाखभराच्या वर पैसे बॉडीतच गेले, लेन्सला उरले नाहीत. मग जुनीच डीएक्स (निकॉनची क्रॉपसाठीची) ३५ एमएम लावून हिंडत होतो. डीएक्स लेन्स लागली की डी७५० आपोआप क्रॉपमध्ये जातो आणि २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. माझा डी७००० सोळाचा होता! म्हणजे लाखभर रुपये मोजून मी सोळावरून दहावर आलो, आणि आठ महिने लोकांना 'फुल फ्रेमची बातच वेगळी' म्हणून सांगत होतो. बायको एकदाच म्हणाली, "आधीचे फोटो जास्त मोठे व्हायचे ना?" मी विषय बदलला.

तुझी खरी गोम इथे आहे. क्रॉप की फुल फ्रेम हा प्रश्न सगळ्या लेन्सना सारखा लागू होत नाही. रुंद लेन्स ही फॉरमॅटची असते, लांब लेन्स दोघांचीही चालते.

रुंदचं बघ. पुष्कळजण सल्ला देतात की पुढेमागे फुल फ्रेम घ्यायचाच आहे, तर आतापासून लेन्स फुल फ्रेमच्याच घे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण २४-७० तुझ्या क्रॉप बॉडीवर लावलीस की ती ३६-१०५ सारखी वागते. स्टेजवर नवरानवरीभोवती वीस माणसांचा गोतावळा उभा राहतो, तुझ्यामागे खुर्च्यांची रांग, आणि तुला आणखी चार पावलं मागे सरकायला जागाच नाही. कडेचे काका-मावशा कापले जाणार, आणि अल्बम आल्यावर नेमका त्यांचाच फोन येणार. क्रॉपवर रुंद हवं तर क्रॉपसाठी बनवलेलीच लेन्स घ्यावी लागते, आणि ती उद्या फुल फ्रेमवर कामाची राहत नाही. माझी क्रॉपचीच टोकिना ११-१६ डी७५० वर, त्याचा आपोआप क्रॉप बंद करून, फक्त १६ला ठेवली की कोपरे जवळपास भरायचे, त्याच्या खाली चारी बाजूंनी काळं. कॅननवाल्यांची आणखी पंचाईत, त्यांच्या जुन्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर) बसतच नाहीत.

५०, ८५, ७०-२००, २००-५०० या मात्र बिनधास्त फुल फ्रेमच्या घे. त्या क्रॉपवर झकास चालतात आणि बॉडी बदलली तरी तुझ्याकडेच राहतात.

लांब टोकाला तर पारडं उलटं फिरतं. लोक म्हणतात क्रॉपवर ३०० ची ४५० होते. होत बीत काही नाही. खिडकी लहान केली म्हणून समोरचा डोंगर जवळ येत नाही, कडा फक्त दिसेनाशा होतात. खरा फायदा पिक्सेलच्या दाटीचा आहे. भिगवणला नावेत बसलास, वीस मीटरवर चिखलात एक शेकाट्या उभा आहे, साधारण ४० सेंटीमीटरचा. ३०० एमएमने त्याची सेन्सरवरची प्रतिमा ६ मिलिमीटर उंच पडते, बॉडी कुठलीही असो. डी५६००चा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डी७५०चा जवळजवळ ६ मायक्रॉनचा. म्हणजे तुझ्या कॅमेऱ्यात तो शेकाट्या सुमारे दीड हजार पिक्सेल उंच येतो आणि महागड्या फुल फ्रेममध्ये हजार. त्याचा लाल डोळा आणि चोचीवरचा पाण्याचा थेंब तुझ्याकडे जास्त नीट येईल. फुल फ्रेमवर ही दाटी हवी तर डी८५० सारखी ४५ मेगापिक्सेलची बॉडी लागते, तिचा क्रॉप १९ मेगापिक्सेलचा मिळतो. पण मग बजेटचं काय ते तूच बघ.

म्हणून पक्ष्यांसाठी डी५६०० अजिबात विकू नकोस. भिगवणसाठी काही घ्यायचंच असेल तर निकॉनची २००-५०० एफ ५.६. वजन २.३ किलो. उजनीच्या पाण्यावर नावेच्या कठड्याला टेकवून चालते, हातात धरून अर्धा तास रोहित पक्ष्यांच्या थव्यामागे फिरवलीस तर संध्याकाळी भाकरी मोडताना हात थरथरेल.

ट्रेकबद्दल फार बोलत नाही. दिवसाउजेडी आयएसओ १०० वर, एफ ८ ला, तुझे आणि डी७५०चे डोंगर शेजारी ठेवले तर भिंतीवर टांगण्याच्या आकाराला ओळखू येणार नाहीत. वजन मात्र ओळखू येतं. डी५६०० आणि तुझ्या दोन्ही लेन्स मिळून एक किलोच्या जरा वर. डी७५०, २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ २.८ मिळून तीन किलोच्या वर. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना ते दोन किलो कोण उचलणार हे आधी ठरव. रात्रीच्या आकाशगंगेला फुल फ्रेम उजवा आहे हे खरं, पण टोकिना ११-१६ एफ २.८ लावून क्रॉपवर काढलेले आकाशाचे फोटो माझ्या घरात फ्रेम करून लावलेत.

आता लग्नं. इथे फुल फ्रेमच्या बाजूने मी बोलेन, पण कारणं जरा वेगळी आहेत.

अंतरपाट खाली येतो तो क्षण आठव. मंगलाष्टक संपतंय, अक्षतांचा शेवटचा मारा हवेत आहे, दोघांनी मान वर केलीय, मामा मागे सरकतोय. हे सगळं दोन सेकंदांत. शटर १/२५० च्या खाली गेला की अक्षता रेघा होतात. हॉलचा उजेड म्हणजे वर ट्यूबलाइट, समोरून व्हिडिओवाल्याचा झोत. अशा वेळी डी५६०० फोकस शोधत पुढेमागे घुटमळतो. त्याची ऑटोफोकसची मर्यादा उणे १ ईव्ही आहे (ईव्ही हे उजेडाचं माप, एक अंक खाली म्हणजे उजेड निम्मा), डी७५०ची उणे ३. म्हणजे चौपट अंधारातही तो फोकस धरू शकतो. आणि तू म्हणतोस ते 'मऊ' चेहरे मला वाटतं नॉइजचे नसून चुकलेल्या फोकसचे आहेत.

दुसरं कारण, ज्याबद्दल जाहिरातीत कोणी फारसं बोलत नाही: डी७५० मध्ये दोन कार्ड लागतात, डी५६०० मध्ये एक. ट्रेकचं कार्ड मेलं तर पुन्हा जाता येतं. लग्न पुन्हा लावता येत नाही. पैसे घेऊन काम करणाराने एका कार्डावर लग्न काढू नये, हे मी कोणालाही सांगतो. डी७५०० क्रॉपमध्ये चांगला आहे, पण त्यातही एकच स्लॉट. जुन्या डी७२०० मध्ये दोन होते.

आणि 'फुल फ्रेमला बॅकग्राउंड छान उडतं' हे जे म्हणतात, त्यात अर्धं सत्य आहे. क्रॉपवर ५० एफ १.८ लावलीस तर फ्रेम आणि बॅकग्राउंडचा धूसरपणा फुल फ्रेमवरच्या ७५ एफ २.७ सारखा येतो. फुल फ्रेमवर एफ ४ ची झूम लावून बसलास तर तुझ्या क्रॉपवरच्या एफ २.८ लेन्सपेक्षा वेगळं काही हाती लागत नाही, ना धूसरपणा ना नॉइज. फुल फ्रेमचा फायदा मोठ्या अॅपर्चरच्या लेन्स लावल्यावरच वसूल होतो, आणि त्यांची किंमत तुला माहीत आहे. कंपनीची नवी २४-७० एफ २.८ घ्यायला गेलास तर लाखाच्या वर एकट्या तिलाच.

मग दीड लाखाचं काय करायचं? पुढच्या सीझनची किमान सहा-सात पैशांची लग्नं हातात असतील तर जुना डी७५० बघ, तुझ्या बजेटच्या निम्म्याहून कमीत मिळतो. त्यावर टॅमरॉनची २४-७० एफ २.८ जुनीच, आणि एक ८५ एफ १.८. डी५६०० दुसरी बॉडी म्हणून गळ्यात, माउंट (लेन्स बसवायची जागा) एकच असल्याने ८५ दोन्हीकडे फिरते. डीएसएलआर आता संपत आलेत, निकॉनच्या डी७८० आणि डी६ या २०२० मध्ये आल्या त्या शेवटच्याच, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर स्वस्त मिळतायत. पुढे निकॉनच्या बिनआरशाच्या झेड सिरीजवर गेलास तर एएफ-एस (आत फोकसची मोटर असलेल्या) लेन्स अॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालतात.

लग्नं हातात नसतील तर बॉडीला हात लावू नकोस. ५० एफ १.८ घे, पण त्यातली 'जी' घे, तिच्यात फोकसची मोटर असते. 'डी' स्वस्त मिळते आणि दुकानदार हौसेने दाखवतो, पण तुझ्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ती हातानेच फिरवत बसशील. सिग्माची १८-३५ एफ १.८ जुन्यात मिळाली तर क्रॉपवर ती फुल फ्रेमवरच्या २४-७० एफ २.८ च्या तोलाचा उजेड देते, झूम तेवढी कमी. तिचा फोकस कधीकधी पुढेमागे लागतो आणि डी५६०० मध्ये तो जुळवायची सोय नाही, तेव्हा सिग्माचा यूएसबी डॉक सोबत मिळतोय का बघ. आणि एक चांगला फ्लॅश. फक्त मंडपाचं छत बघून बाऊन्स कर, म्हणजे झोत छतावर मारून खाली परतू दे. वर लाल-पिवळं कापड असेल तर नवरीचा हळदीचा कार्यक्रम लग्नाच्या दिवशीही चालू असल्यासारखा दिसतो.

जुनं घेताना बॉडीचा शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले) काढून बघ, डी७५०ची शटर दीड लाख क्लिकची धरतात, आणि लग्नवाल्यांकडून आलेली बॉडी तिथवर लवकर पोहोचते. लेन्समध्ये मोबाइलची टॉर्च मागून मारून समोरून तिरकं बघ. मी एकदा ८५ घेतली ती दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबखाली काचेसारखी स्वच्छ दिसली, घरी टॉर्च मारली तर आत बुरशीचं जाळं. दुकानदार म्हणाला पावसाळा आहे, तुमच्याकडेच लागली असेल. दोन दिवसांत!

घाई असेल तर पुढच्या लग्नाला डी७५० आणि २४-७० दोन दिवस भाड्याने आण, आणि तुझा डी५६०० ५० लावून सोबत ठेव. दोन्हीने तोच अंतरपाट काढ. फोटो इथे टाक, आपण मिळून बघू. आणि १८-५५ विकू नकोस, तिला कोणी धड पैसे देत नाही, पण जुलैत राजमाचीच्या पावसात बाहेर काढायला जीव जळणार नाही अशी तुझ्याकडे तीच एक लेन्स आहे.