पिवळ्या रेघा पुसायच्या की वाचायच्या?

प्रश्न : मी जळगावात राहते. आमची पाच जणांची टीम आहे. दोघं इथं, एक दादा धुळ्याला, दोघं पुण्याला. केळीच्या मालाची नोंद आणि बिलं करणाऱ्या प्रोग्रॅमवर आम्ही काम करतो. कोड लिहायचा एडिटर उघडला की ओळींखाली पिवळ्या रेघा, म्हणजे १,१८३ वॉर्निंग दिसायच्या. मागच्या शनिवारी रात्रभर बसून मी ईएसलिंटला (जावास्क्रिप्ट कोडमधल्या खटकणाऱ्या जागा दाखवणाऱ्या साधनाला) जमेल तेवढं आपोआप दुरुस्त करायला लावलं, उरलेल्या वॉर्निंग हातानं मिटवल्या आणि सकाळी २१२ फायलींचा एकच बदल पाठवला. धुळ्याच्या दादांनी फक्त ‘हे मागे घे’ एवढंच लिहिलं. माझं काय चुकलं? वॉर्निंग तशाच राहू द्यायच्या का?

उत्तर : ताई, राहू द्यायच्या नाहीत. हजारभर पिवळ्या रेघांत काल उमटलेली एखादी खरी धोक्याची रेघ कुणालाच दिसत नाही. तुम्हाला त्या खुपल्या याचा मला आनंद आहे.

पण दादांच्या जागी बसून बघा. २१२ फायली वाचणार कोण? त्यांचं काम एखाद्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) अर्धवट असेल, तर ते मर्ज करताना, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळताना, फाइलीगणिक भांडण. शिवाय उद्या ‘गिट ब्लेम’ (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) लावलं की जिथं तिथं तुमचंच नाव येणार. ती ओळ मुळात कुणी आणि कशासाठी लिहिली, हा माग पुसला जातो.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगतो. धरणगावकडच्या एका जिनिंगच्या काट्याचा प्रोग्रॅम आमच्याकडे होता. ‘दोन बरोबरच्या (==) जागी तीन बरोबर (===) वापरा’ अशा वॉर्निंग बऱ्याच होत्या. मी शोधून-बदलून सगळ्या एका झटक्यात मिटवल्या. जावास्क्रिप्टमध्ये दोन बरोबर लावून ‘नल आहे का’ विचारलं की नल (मुद्दाम रिकामं ठेवलेलं) आणि अनडिफाइन्ड (भरलंच नाही असं), दोन्ही सापडतात. तीन बरोबर केलं की फक्त नल. रिकाम्या गाडीचं वजन टाकायचं राहिलं तर ते अनडिफाइन्ड यायचं आणि जुनी ओळ पावती अडवायची. माझ्या बदलानंतर ते सुटलं, वजाबाकी झाली आणि निव्वळ वजनाच्या रकान्यात ‘एनएएन’ (‘ही संख्याच नाही’) छापून आलं. दसऱ्यानंतरचे दिवस, काट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग. काट्यावरच्या माणसाचा फोन आला, “भाऊ, हाई काय छापी राह्यनं?” दोन तास पावत्या हातानं लिहिल्या गेल्या. नलच्या तुलनेला सूट देण्याची सोय त्याच नियमात आहे; मी तो नियम धड वाचलाच नव्हता.

याहून मोठं उदाहरण डेबियन या लिनक्स प्रणालीचं. २००६ साली तिच्यातल्या ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या काही ओळींवर तपासणीचं साधन कुरकुर करत होतं, म्हणून त्या काढून टाकल्या गेल्या. त्यांतल्या एका ओळीतून गुप्त किल्ल्यांसाठी (माहिती कुलूपबंद करणाऱ्या आकड्यांसाठी) लागणारा यादृच्छिकपणा, म्हणजे अंदाज बांधता न येणं, आत येत होता. मे २००८ मध्ये उघडकीस आलं तेव्हा कळलं, की एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता उरत होत्या. वॉर्निंग गेली, कुलूपही गेलं.

ईएसलिंटमधला ‘लिंट’ शब्दच घ्या. आपल्याकडे जिनिंगवाल्याला लिंट म्हणजे सरकी काढलेली रुई, खरा माल. बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सननं १९७० च्या दशकाच्या अखेरीस सी भाषेसाठी ‘लिंट’ हे तपासणीचं साधन लिहिलं, तेव्हा नाव घेतलं ते नकोशा तंतूंवरून. मी आपल्याकडचाच अर्थ धरतो. तुमच्याच कोडमध्ये ‘हमाली हे व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) वापरलेलं नाही’ अशी रेघ आली समजा. ते खोडून टाकणं दोन सेकंदांचं काम. पण हमाली मोजली आणि बिलात धरायची राहिली, असं तर नाही ना? हे दादांनाच विचारावं लागेल.

तेव्हा असं करा. आधी पाचही जणांनी फोनवर नियम ठरवा आणि ती नियमांची फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवा. नाहीतर पुण्याच्या एडिटरला जे खटकतं ते धुळ्याच्या एडिटरला दिसतच नाही. मग कापूस वेचणीला बाया कवडी (खराब कापूस) वेगळी ठेवतात तसं दोन प्रकारचे बदल वेगळे ठेवा. मोकळ्या जागा, अर्धविराम, अवतरणं ही मशिननं केलेली दुरुस्ती एका कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात), तीही सगळ्यांच्या ब्रँच मर्ज झाल्यावर. त्या कमिटचा क्रमांक ‘गिट ब्लेम’नं वगळायच्या यादीत टाका, २०१९ च्या गिट २.२३ पासून ही सोय आहे, पण प्रत्येकानं आपापल्या मशिनवर ती चालू करावी लागते. डोकं लावून केलेले बदल एका वेळी एकाच नियमाचे, दहा मिनिटांत वाचून होतील एवढेच.

आणि आजचा आकडा वाढू देऊ नका. ईएसलिंटला कमाल वॉर्निंगची मर्यादा घालता येते. आज १,१८३ ठेवा, जसजशा मिटतील तसतशी खाली आणा. नवी वॉर्निंग आली की तपासणीच अडेल, कुणी कुणाला बोलायला नको.

तो मोठा बदल मागे घ्या, पण ब्रँच पुसू नका. हातानं केलेल्या दुरुस्त्या त्यातून काढून घ्यायच्या आहेत. लिहीत बसण्यापेक्षा दादांना फोन लावा आणि बिलाच्या फायली दोघांनी मिळून आधी बघा.