संगणक-शंका : विंडोज सोडताना परतीची वाट

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेव्हापासून घरच्या जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकण्याबद्दलचे प्रश्न वाढले आहेत. त्यातले नेहमी अडणारे काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : लॅपटॉप 2016 चा आहे. इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम. विंडोज 11 त्यावर बसत नाही. लिनक्स टाकायचं ठरवलं आहे, पण तिच्या प्रकारांची नावं इतकी की काही सुचेना. कुठलं घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (यंत्रातली सुरक्षेची एक सोय) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा लॅपटॉप त्या यादीत नाही, एवढंच. यंत्र निकामी झालेलं नाही.

नाव निवडण्यात आठवडा घालवू नका. लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. तिची 22 क्रमांकाची मालिका उबुंटू 24.04 वर आधारलेली आहे आणि तिला एप्रिल 2029 पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत. मेनू खाली डावीकडे, घड्याळ खाली उजवीकडे, त्यामुळे हाताची सवय मोडत नाही. रॅम 4 जीबीच असेल तर त्याच मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी. पण ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की 4 जीबी कुठल्याही प्रणालीत अपुरेच पडतात. आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. वेगात जो फरक तिने पडतो तो प्रणाली बदलून पडत नाही.

डाउनलोडला हात लावण्याआधी मात्र आठवडाभर एक कागद जवळ ठेवा आणि जो जो प्रोग्राम उघडाल त्याचं नाव लिहा. यातलं बरंचसं ब्राउझरमध्ये चालणारं निघतं, त्याची काळजी नको. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस आहे. फायरफॉक्स आणि व्हीएलसी तर दोन्हीकडे तेच. खरी अडचण उरलेल्यांची : फोटोशॉप, मोठमोठे मॅक्रो असलेल्या एक्सेलच्या फाइली, फक्त विंडोजसाठी बनलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, व्हॅलोरंटसारखा खेळ. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर पोट अवलंबून आहे तो प्रोग्राम वाइनच्या भरवशावर ठेवू नये. असं एखादं नाव कागदावर असेल तर विंडोज पुसू नका, शेजारी लिनक्स ठेवा.

मग बॅकअप. इथे एक फसगत नेहमी होते. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं बहुधा त्याच्या पोटात गेलेली असतात, आणि ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली डिस्कवर नसतातच, फक्त त्यांची नावं दिसतात. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळं उतरू द्या, मगच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ईमेल पीओपी पद्धतीने (पत्रं सर्व्हरवरून यंत्रावर उतरवून) येत असेल तर जुनी पत्रं फक्त याच यंत्रावर असू शकतात, तीही घ्या. कॉपी झाल्यावर चार-दोन फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

आता पेनड्राइव्ह. 8 जीबीचा पुरतो, कारण मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची सगळी सामग्री असलेली एकच फाइल) साधारण 3 जीबीची असते. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. विंडोजमध्ये रूफस (आयएसओ पेनड्राइव्हवर चढवणारा प्रोग्राम) उघडा, आयएसओ निवडा. शेजारच्या बरोबरच्या खुणेवर क्लिक केलं की फाइलचा एसएचए-256 आकडा (जणू फाइलच्या बोटाचा ठसा) दिसतो, तो मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. इन्स्टॉल अर्ध्यावर बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट उतरलेली फाइल, आणि ती इथेच सापडते. पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा. पुढे रूफसने विचारलं तर आयएसओ मोड निवडा. त्याने बूट झालं नाही तरच पुन्हा करून डीडी मोड वापरा.

यंत्र सुरू होताना एफ12 (डेल, लेनोवो) किंवा एफ9 (एचपी) दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा. मिंट पेनड्राइव्हवरच चालू होईल, डिस्कला धक्का लागणार नाही. किंचित संथ वाटेल, तो पेनड्राइव्हचा दोष. इथे तासभर घालवा : वाय-फाय, आवाज, माइक, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमी-जास्त करण्याची बटणं, प्रिंटर. झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉप उघडल्यावर जागा होतो का, हे तर नक्की पाहा. लोक नेमकं हेच पाहायचं विसरतात. इथे जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालेल असं धरून चालू नका.

प्रश्न : दोन्ही प्रणाली ठेवायच्या आहेत. सी ड्राइव्हवर 180 जीबी मोकळे आहेत, पण विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट फक्त 9 जीबी कमी करू देतं. असं का?

उत्तर : कारण जागा मोकळी असली तरी सलग नाही. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) शेवटाकडून आकसतं, आणि तिथे कुठेतरी न हलवता येणारी एखादी फाइल बसलेली असते : हायबरनेशनची (झोपवलेल्या यंत्राची स्थिती साठवणारी), पेजिंगची (रॅम कमी पडली की लागणारी) किंवा रिस्टोर पॉइंटची (जुन्या स्थितीत परतण्यासाठीची). त्या फाइलीपाशी आकसणं थांबतं. सिस्टम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोर पॉइंट काढा, पेजिंग फाइल ‘नो पेजिंग फाइल’वर ठेवा, हायबरनेशन बंद करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. काम झालं की पेजिंग फाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन आठवणीने पूर्ववत करा. मिंटला 20 जीबीत बसता येतं, पण तेवढ्यात जीव घुसमटतो. 60 जीबी द्या, जमलं तर 100.

मोकळी झालेली जागा विंडोजमध्ये फॉरमॅट करू नका, तशीच राहू द्या. मिंटचा इन्स्टॉलर ‘विंडोजच्या शेजारी बसव’ असा पर्याय देतो, तो घ्या. हाताने पार्टिशन करणाऱ्यांसाठी एकच इशारा : 100 ते 300 एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नये. विंडोजला सुरू करणाऱ्या फाइली त्यातच असतात.

आणि विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा : कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. हे चालू असताना शट डाउन म्हणजे खरं शट डाउन नसतं, विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. मग लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडला तर फाइली फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. लिनक्स नाटक करतंय असं वाटतं, पण ते तुमचा डेटा सांभाळत असतं.

प्रश्न : पेनड्राइव्हसाठी बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट (फक्त ओळखीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं. आता विंडोज निळ्या पडद्यावर 48 आकडी किल्ली मागतं. आम्ही तर कधीच पासवर्ड लावला नव्हता!

उत्तर : तुम्ही नसेल लावला, विंडोजने लावला. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच यंत्रांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होतं. ते म्हणजे बिटलॉकरच, डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय. बूटची व्यवस्था बदलली की त्याला संशय येतो आणि ते रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून त्या खात्यात लॉगिन करून ‘बिटलॉकर रिकव्हरी कीज’ पाहा. पडद्यावरच्या की आयडीची सुरुवातीची अक्षरं जुळणारी किल्ली घ्या. तूर्त सिक्युअर बूट पूर्वीसारखं चालू केलं तरी बहुधा प्रश्न मिटतो.

ज्यांनी अजून काही केलेलं नाही त्यांनी आधी ही किल्ली कागदावर उतरवावी आणि सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उलगडू द्यावं. मोठ्या डिस्कला यात काही तास जातात, मध्येच घाई नको. आणि मुळात मिंटसाठी सिक्युअर बूट बंद करण्याची गरज नसते. चालू असताना एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासारखे बाहेरचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) बसवले तर एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं, आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर पडदा निघून जातो आणि ड्रायव्हर लागू होत नाही.

प्रश्न : इन्स्टॉलरला पेनड्राइव्ह दिसतो, पण लॅपटॉपची एसएसडी दिसतच नाही.

उत्तर : बायोसमध्ये स्टोरेजची पद्धत ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’ अशी असणार. त्या पद्धतीत इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही, म्हणून ती ‘एएचसीआय’ या साध्या पद्धतीवर आणावी लागेल. थेट बदललीत तर विंडोज सुरू होणार नाही, म्हणून क्रम पाळा. बिटलॉकर बंद. विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’ला टिक. रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये शिरून एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि योग्य ड्रायव्हर स्वतः लावून घेईल. मग ती टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. दोन डिस्क जोडून खरंखुरं रेड केलेलं असेल तर मात्र हे करू नका, त्यात डेटा जाईल.

प्रश्न : आमच्या घरात मराठीच्या शेकडो जुन्या फाइली आहेत. लिनक्समध्ये त्या उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

उत्तर : फाइली शाबूत आहेत. त्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्यांत ‘क’ म्हणून साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, फॉन्ट फक्त त्याला देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. म्हणून विंडोज पुसण्याआधी त्याच्या फॉन्ट्स फोल्डरमधून या फॉन्टच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मिंटमध्ये फाइलवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की मजकूर पूर्वीसारखा दिसतो.

हा तात्पुरता उपाय झाला. शोध, वर्णानुक्रम, ईमेल हे सगळं नीट हवं तर मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) नेला पाहिजे. त्यासाठीचे कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात हमखास चुकतात, तेव्हा महत्त्वाचं पान डोळ्यांखालून घाला.

नवीन टायपिंगसाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम17एन’ बसवा, लॉगआउट करून परत या आणि इनपुट मेथडच्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड) किंवा फोनेटिक (रोमन अक्षरांच्या उच्चारांनुसार टायपिंग) निवडा. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट येत असेल तर बोटांना वेगळं काहीच शिकवावं लागत नाही. ‘दऱ्या’मधला ऱ्य इथेही शिफ्ट-जे, मग डी, मग य असाच उमटतो. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवा. ‘हिंदी’ राहिली तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात, आणि दोष उगाच फॉन्टला जातो.

इंग्रजी मजकुराची पानं पुढे-मागे सरकत असतील तर कार्लिटो आणि कॅलेडिया हे फॉन्ट बसवा. त्यांच्या अक्षरांची रुंदी अनुक्रमे वर्डच्या कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाइतकीच असते.

प्रश्न : लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ चुकीचं दिसतं.

उत्तर : मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). चूक नेमकी तुमच्या प्रमाणवेळेच्या अंतराइतकी असते : यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असाल तर विंडोज साडेपाच तास मागे पडतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेला (अर्थात रोमन लिपीत) ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय 1 या किमतीसह द्या. ती यावर एक ताकीद छापते, ती घरच्या वापरात मनावर घेऊ नका.

प्रश्न : प्रिंटर चालेल का?

उत्तर : एअरप्रिंट (ॲपलची ड्रायव्हरशिवाय छापण्याची पद्धत) चालणारा असेल तर बहुधा काहीही न बसवता. एचपीच्या बहुतेकांसाठी एचपीएलआयपी हे ड्रायव्हरचं पॅकेज आहे. कॅनन एलबीपी 2900 सारखे जुने लेझर प्रिंटर सीएपीटी नावाची स्वतःची भाषा बोलतात, ते घाम काढतात. पेनड्राइव्हवरूनच चाचणी छापून पाहा.

प्रश्न : नाहीच जमलं तर विंडोजवर परत येता येईल ना?

उत्तर : येईल, पण त्याची तयारी विंडोज असतानाच करा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने दुसरा 8 जीबीचा पेनड्राइव्ह बनवून त्यावर चिठ्ठी लावून ठेवा. नंतर लिनक्समधून तो बनवणं कटकटीचं होतं : रूफस तिथे चालत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल अनेकदा 4 जीबीहून मोठी असल्याने फॅट32 या पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये मावत नाही. त्या वेळी व्हेंटॉय, हा आयएसओवरून थेट बूट करू देणारा आणि लिनक्सवरही चालणारा प्रोग्राम, उपयोगी पडतो. लायसन्स डिजिटल असेल तर ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. पुन्हा बसवताना ‘प्रॉडक्ट की नाही’ निवडा आणि होम की प्रो, जी आवृत्ती आधी होती तीच घ्या, इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप सक्रिय होतं.

दोन्ही प्रणाली असताना विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर सुरुवातीला येणारा, विंडोज की मिंट या निवडीचा पडदा नाहीसा झाला, तर मिंट गेलं असं समजू नका. बायोसमध्ये बूटचा क्रम तेवढा बदललेला असतो. यादीत मिंटऐवजी ‘उबुंटू’ असं नाव दिसलं तरी तेच वर घ्या.